दार घासतंय? रंधा काढण्याआधी जमीन मोजा

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज विषय अगदी घरातला आहे, रोज हात लागतो असा. दार. म्हणजे दाराची फळी नाही, तर दाराचं सामान. बिजागऱ्या, कड्या, क्लोजर, स्टॉपर, खालची पट्टी. आणि तेही अशा घरात, जिथे जमीन सपाट नाही.

निमित्त आहे एका ताईंच्या व्हॉइस मेसेजचं. त्या वाईच्या. जुना वाडा आहे, खाली शहाबादी फरशी. आतल्या खोलीला पंधराएक वर्षांपूर्वी फ्लश डोअर बसवलं. ताई म्हणतात, "दादा, दार उघडताना घासायचं म्हणून सुताराला बोलावलं. त्यानं खालून तासलं. दोन वर्षांनी परत घासायला लागलं, परत तासलं. आता दार मिटलं की खाली बोटभर फट दिसते. झुरळं येतात, पाल येते. आणि एवढं करून पूर्ण उघडलं की टोकाला अजून घासतंच. आता मी कुठली बिजागरी घेऊ?"

मी दुकानात बसतो. आधी वडील बसायचे, आता मी. हार्डवेअरच्या काउंटरवर हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. आणि गिऱ्हाईक नेहमी शेवटचा प्रश्न आधी विचारतं, "कुठली बिजागरी?" त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारत नाही. तो असा: दार ज्या वाटेनं फिरतं, त्या वाटेवर जमीन नेमकी कुठे उंच आहे?

याचं उत्तर आकड्यात मिळालं की सामान जवळजवळ आपोआप ठरतं. ते न कळता घेतलेलं महागातलं सामानही वाया जातं.

जमीन वर-खाली का असते?

थोडक्यात सांगतो. जुन्या घरात शहाबादी किंवा साधी फरशी भरावावर टाकलेली असते. भराव कुठे बसतो, कुठे तसाच राहतो. काळ्या मातीच्या पट्ट्यात, म्हणजे विदर्भ, मराठवाडा, सोलापूरकडे, माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वरची जमीन तिच्याबरोबर हलते.

फ्लॅटमधलं कारण वेगळं. जुनी मोझॅक टाइल न फोडता तिच्यावरच नवी व्हिट्रिफाइड टाइल चिकटवतात. टाइल आठ-दहा मिलिमीटर, खाली चिकटवायचा थर चार-पाच मिलिमीटर. जमीन अर्धा इंच वर आली, दारं मात्र होती तिथेच. मग सगळी दारं खालून कापायची. त्यात एका खोलीत नवी टाइल आणि शेजारच्या खोलीत जुनीच असली, तर दाराखाली पायरीच तयार होते.

आधी दोष जमिनीचा आहे का ते बघा

दार घासतं याची कारणं तीन, आणि तिघांची लक्षणं वेगळी.

पहिलं, लाकूड फुगणं. लाकूड पावसाळ्यात फुगतं ते रेषांना आडवं. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही. म्हणजे दाराची रुंदी वाढते, उंची नाही. फक्त पावसाळ्यात आणि कुलपाच्या बाजूला उभ्या कडेवर अडकतंय? मग ते फुगणं आहे. त्यासाठी खालून तासू नका.

दुसरं, दार लटकणं. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होतात, फळीचं टोक खाली येतं. तपासायचं कसं? दार अर्धं उघडा, हँडल धरून वर उचला. खटखट हललं तर रोग बिजागरीत आहे. स्क्रू लांब घाला. तेवढ्यानं भागलं नाही तर खालच्या बिजागरीच्या मागे पातळ पॅकिंग द्या. दोन मिलिमीटर पॅकिंग दिलं तर तीन फुटी दाराचं टोक साधारण एक मिलिमीटर वर जातं. ऐकायला कमी वाटतं, पण घासणारं दार मोकळं व्हायला बऱ्याचदा तेवढं पुरतं.

तिसरं कारण म्हणजे खरोखरच जमीन उंच असणं. बारा महिने, ठरावीक जागी, फरशीवर अर्धगोल ओरखडा. त्या ओरखड्याकडे नीट बघा. तो कुठून सुरू होतो आणि कुठे जाड होतो, यात निम्मं उत्तर आहे.

अजून एक गैरसमज. दार आपोआप उघडतं किंवा मिटतं, तेव्हा लोक म्हणतात, "जमिनीला उतार आहे ना!" अहो, दाराला जमीन कळतच नाही. दाराला कळते फक्त बिजागऱ्यांची रेषा. ती ओळंब्यात नसेल, तर फळी जिथे सगळ्यात खाली येते तिथे जाऊन थांबते. जुन्या घरात भिंत आणि जमीन दोन्ही कललेल्या असतात, म्हणून आपण जमिनीला दोष देतो. चौकटीला ओळंबा लावा, समोरून आणि बाजूनंही. दार लावायचं ते ओळंब्यात. जमिनीला समांतर दिसावं म्हणून तिरकं लावलं, की ते कायम पळत राहणार.

मोजायचं कसं

यंत्र लागत नाही. दाराएवढी लांब, सरळ लाकडी पट्टी किंवा अॅल्युमिनियमचा पाइप घ्या. एक स्पिरिट लेव्हल आणि बरोब्बर वीस मिलिमीटर जाडीचा ठोकळा.

ठोकळा बिजागरीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवा, त्यावर पट्टीचं एक टोक. आता पट्टी दारासारखी धरा, लेव्हलवर आडवी करा आणि बाहेरच्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. वीस आलं तर जमीन सपाट. आठ आलं तर तिथे जमीन बारा मिलिमीटर उंच. पंचवीस आलं तर पाच मिलिमीटर खोल. असं चार जागी करा: दार मिटलेलं, 30 अंश, 60 अंश आणि पूर्ण उघडं. दर वेळी पट्टीच्या मधोमधही नजर टाका, एखादी फरशी मध्येच उचललेली असते.

हे चार आकडे लिहून दुकानात या. दारही आणायला नको आणि फोटोही.

ताईंना मी फोनवरच हे करायला लावलं. आकडे आले: 20, 17, 12, 8. म्हणजे दार मिटतं तिथे जमीन सपाट, आणि खोलीत जाईल तशी चढत चढत बारा मिलिमीटर वर.

आता लक्षात येतं की सुताराचं चुकलं कुठे. दार 90 अंशांवर घासू नये म्हणून त्यानं खालची कड कापली. पण कापलेली कड दार मिटल्यावरही कापलेलीच राहते! साध्या बिजागरीवर ही फट टळतच नाही. बारा मिलिमीटरचा चढ आणि वर मोकळीक म्हणून चार, म्हणजे मिटलेल्या दाराखाली किमान सोळा मिलिमीटर फट ठेवावीच लागते. सुतार वाईट नव्हता. कापायचा प्रश्नच नव्हता, उचलायचा होता.

आकड्यांवरून सामान

*आकडे वाढत जातात, म्हणजे जमीन आत उतरते.* नशीबवान आहात. साधी बिजागरी लावा. दार मिटल्यावरची फट चार-सहा मिलिमीटर ठेवा. उघड्या दाराखाली जास्त फट दिसेल, दिसू द्या. उघड्या दाराखालच्या फटीचा त्रास कुणालाच नसतो.

*आकडे कमी होत जातात, म्हणजे जमीन आत चढते.* ही ताईंची केस. इथे राइजिंग बिजागरी. हिच्या दोन नळ्यांचा सांधा आडवा नसतो, जिन्यासारखा तिरका कापलेला असतो. दार उघडलं की फळी त्या उतारावरून वर चढते, मिटताना परत खाली बसते. 90 अंशांत साधारण दहा मिलिमीटर उचल मिळते. कंपनीनुसार फरक असतो, म्हणून दुकानातच बिजागरी काटकोनात उघडा आणि पट्टीनं मोजून घ्या.

ताईंचा हिशोब बघा. मिटल्यावर फट सहा मिलिमीटर. 60 अंशांवर दार साडेसहा मिलिमीटर वर आलेलं असेल, जमीन आठ. फट उरली साडेचार. 90 अंशांवर दार दहा वर, जमीन बारा. फट उरली चार. म्हणजे कुठेच घासत नाही आणि मिटलेल्या दाराखाली सोळाऐवजी सहा मिलिमीटर. ताईंचं दार आधीच कापलेलं असल्यानं खाली बारा मिलिमीटरची सागवानी पट्टी डिंक आणि स्क्रूनं जोडावी लागणार, तेवढं काम वाढलं.

ही बिजागरी घेताना चार गोष्टी पाळा. एक, ही डावी-उजवी वेगळी येते, घरातून निघतानाच दार कुठल्या हाताचं ते बघून या. दोन, दार वर चढतं म्हणून वरची कड चौकटीला अडकू शकते. बिजागरीकडच्या कोपऱ्यात ती थोडी उतरती तासावी लागते. तीन, हिच्यावर दार आपोआप मिटायला बघतं, त्यामुळे वर हायड्रॉलिक क्लोजर लावू नका, दोघांची ओढाताण होते. दार उघडं राहायला हवं असेल तर पकडणारा स्टॉपर लागेल. चार, बऱ्याच राइजिंग बिजागऱ्यांवर उघडं दार सरळ वर उचलून काढता येतं. म्हणून ती आतल्या दारांना. मुख्य दाराला नको.

जुन्या सुतारांची एक युक्तीही सांगतो. साधीच बिजागरी, पण खालच्या बिजागरीची नळी वरच्यापेक्षा तीन मिलिमीटर बाहेर काढायची. रेषा किंचित कलते आणि उघडताना टोक दीड-पावणेदोन मिलिमीटर वर जातं. अर्ध्या सुताचा प्रश्न असेल तर एवढं पुरतं. बारा मिलिमीटरला हा इलाज नाही.

*आकडे फारच कमी होतात.* पंधरा-वीस मिलिमीटर चढ असेल तर राइजिंग बिजागरीही हरते. मग तीन रस्ते. दार उलट्या दिशेला उघडा, तिकडची जमीन उतरती असण्याची शक्यता जास्त. किंवा वरच्या रुळावर टांगलेलं सरकतं दार लावा. त्याचा भार वर असतो, खाली फक्त एक छोटा गाइड लागतो. मात्र ते जिथे सरकणार ती भिंतीकडची पट्टीही मोजून घ्या.

तिसरा रस्ता म्हणजे एका फळीऐवजी दोन फळ्या. हा मला स्वतःला फार आवडतो. उतार एकसारखा असेल तर फळी निम्म्या रुंदीची झाली की तिच्या टोकाखालचा चढही निम्मा होतो. बाराचा सहा, अठराचा नऊ. आपल्या जुन्या घरांतली दोन फळ्यांची दारं आठवा. ती याच कारणासाठी केली असं मी म्हणणार नाही, पण ओबडधोबड जमिनीवर ती इतकी वर्षं सुखानं फिरतात, त्यात याचा वाटा आहेच.

*उंबऱ्याच्या रेषेतच उतार.* म्हणजे बिजागरीकडे जमीन खाली, कुलपाकडे वर. फळी ओळंब्यातच लावा आणि फक्त खालची कड जमिनीच्या रेषेनं तिरकी कापा. कापण्याआधी तीच तिरकी रेषा उघड्या स्थितीत कुठे येते, ते पट्टीनं तपासा.

आणि फ्लश डोअर खालून कापलं की कापलेली कड उघडी ठेवू नका. आतला भाग पाणी पितो. प्रायमर आणि रंगाचा हात तिथे आधी मारा. कापण्याची मर्यादाही असते, खालची लाकडी चौकट संपली की आतलं भरण उघडं पडतं. इमारतीच्या जिन्याचं फायर डोअर असेल तर त्याला रंधा लावूच नका. त्याच्याखालची फट धुराच्या हिशोबानं ठरलेली असते.

बाकीचं सामान पटापट

क्लोजर हवा असेल तर वरचा हायड्रॉलिक घ्या. जमिनीशी त्याचा संबंध नाही. फ्लोअर स्प्रिंगचा डबा जमिनीत खोदून, लेव्हलमध्ये गाडावा लागतो. हलत्या जमिनीत तो कलतो, आणि धुण्याचं पाणी आत गेलं की गंजतो.

स्टॉपर जमिनीवरचा मॅग्नेटवाला नको. जमीन कलली की लोहचुंबकाची दोन तोंडं जुळत नाहीत. भिंतीवरचा किंवा स्कर्टिंगवरचा घ्या. आणि तो घासायला लागण्याच्या अलीकडेच लावा. कधीकधी 110 अंशांऐवजी 90 वर दार थांबवलं की प्रश्नच मिटतो. सगळ्यात स्वस्त उपाय हाच.

खालचा टॉवर बोल्ट शक्यतो टाळा, जमिनीतलं भोक कचऱ्यानं भरतं. एक फळी असेल तर बोल्ट वर किंवा बाजूला चौकटीत. दोन फळ्या असतील तर खालचा लागतोच. मग दांडी लांब घ्या.

फटीचं काय? इथे माझी चूक सांगतो

उरलेली फट बुजवायला लोक फोमच्या दोन नळ्यांची पट्टी दाराखाली सरकवतात. सपाट जमिनीवर चालते. चढत्या जमिनीवर ती दर वेळी घासते, महिन्याभरात फाटते. त्यापेक्षा ब्रशची पट्टी बरी, केस वाकतात. सगळ्यात चांगली ती आपोआप खाली पडणारी सील. दाराच्या खालच्या कडेत बसते. दार मिटताना चौकटीला तिची खिटी दाबली जाते आणि रबर खाली उतरतं, उघडताना वर जातं. चढत्या जमिनीला हेच हवं.

आणि अजून एक प्रकार, जमिनीवर उंच पट्टी ठोकायची. हा मी माझ्याच घरात केला.

आमच्या मधल्या खोलीचं दार असंच कापलेलं. खाली फट. थंडीत वारं यायचं. मी दुकानातून अॅल्युमिनियमची पट्टी नेली, पाऊण इंच उंच, आणि उंबऱ्याच्या जागी चार स्क्रूनं ठोकली. वारं थांबलं. मी खूश. बाबा तेव्हा 76 वर्षांचे. पाय उचलून टाकत नव्हते, घासत चालायचे. आठवड्याभरात पहाटे बाथरूमला जाताना त्यांच्या चपलेचं टोक पट्टीला अडकलं. मनगट मोडलं. खुबा वाचला, हे आमचं नशीब.

बाबांनीच मला हा धंदा शिकवला. हातात प्लास्टर, आणि खुर्चीत बसून मला म्हणाले, "तू दार दुरुस्त केलंस रे. पण दारातून जातं कोण, ते बघितलं नाहीस." नंतर पट्टी काढली, दाराला खाली पडणारी सील बसवली. जमीन पुन्हा मोकळी झाली.

तेव्हापासून काउंटरवर मी एक प्रश्न जास्तीचा विचारतो: घरात म्हातारं माणूस आहे का? वॉकर, व्हीलचेअर? असेल तर जमिनीवर काहीही ठोकायचं नाही. जे काही करायचं ते दारावर करायचं. दोन खोल्यांच्या टाइलमध्ये पायरी असेलच, तर तिला दोन्ही बाजूंनी लांब उतार द्या, उभी कड ठेवू नका. आणि अशा घरात बाथरूमचं दार बाहेर उघडेल असं करा. आत माणूस पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं, मग बाहेरून ते ढकलता येत नाही.

एक शेवटची सूचना

काळ्या मातीवरचं घर असेल तर एकदा मोजून थांबू नका. एकदा मे महिन्यात मोजा, एकदा पावसाळा संपताना. दोन्हींत जो चढ जास्त, त्याप्रमाणे सामान घ्या. आणि आकडे दर वर्षी वाढतच असतील, भिंतीला तिरक्या भेगा पडत असतील, तर बिजागरी हा तुमचा विषयच नाही. आधी इंजिनिअरला दाखवा. दार बिचारं फक्त निरोप देत असतं.

वाईच्या ताई, तुमच्यासाठी थोडक्यात: तीन राइजिंग बिजागऱ्या, उचल दहा मिलिमीटर, तुमच्या दाराच्या हाताच्या. खाली सागवानी पट्टी. वरच्या कोपऱ्याला उतार. स्टॉपर भिंतीवर, 90 अंशांना. आणि रंधा घेऊन आलेल्या सुताराला आधी चहा द्या आणि तुमचे चार आकडे दाखवा.

बाकी मंडळी, तुमच्या घरातल्या दाराचे चार आकडे मला पाठवा. पुढच्या भागात निवडक घेऊन बोलू. भेटू. नमस्कार.